उंचीला शोभेल असं

सायकलवर बसायचं तर बाबांना आधी फुटपाथवर चढावं लागत होतं. तिथून टांग टाकली की बसता यायचं, पण मग पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत. आणि खाली रस्त्यावर उभं राहून दांडी दोन पायांमध्ये घेतली, की बाबा चवड्यांवर यायचे आणि त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

"सीट अजून थोडी खाली घ्या," ते त्याच बारीक आवाजात म्हणाले.

"सीट फ्रेमला टेकली, साहेब," सायकलवाले मिस्त्री म्हणाले. "आता फ्रेमच कापायची राहिली. आणि कार्बन कापत नाहीत."

पहाटेच्या सायकल ग्रुपमधले दोघं खास नवी सायकल बघायला आले होते. दोघांनाही एकदम खोकला आला.

ही फ्रेम दुकानातली नव्हती. दुकानातून काय, कोणीही घेतं. बाबांनी सरळ परदेशातला कारखाना गाठला होता. मधे दलाल नाही, कंपनीचा शिक्का नाही, नुसता शुद्ध कार्बन. फ्रेम घरी आली तेव्हा त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आठशे चाळीस ग्रॅम! वर बसणारा ब्याऐंशी किलोंचा होता, पण तो काट्यावर चढला नाही.

"अहो, एवढ्याशा ग्रॅमांसाठी हा आटापिटा?" आई म्हणाली होती. "रविवारी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नसतंत, तरी तेवढं उतरलं असतं."

बाबांनी ऐकलं नाही. थोर माणसं घरच्यांचं ऐकत नसतात.

खरं तर सायकल आधी लेकीने मागितली होती. शाळांच्या शर्यतीत ती आईच्या जुन्या लोखंडी सायकलवर, पुढची टोपली काढून, चौथी आली होती. संघात पहिल्या तिघांनाच घेतात. आता येत्या रविवारची शर्यत ही शेवटची संधी होती.

"सायकल जिंकत नसते, पाय जिंकतात," बाबांनी तिला समजावलं होतं. हे सांगताना ते स्वतःच्या फ्रेमसाठी रंग निवडत होते.

फ्रेम बसणाऱ्याच्या मापाने बनवून मिळणार होती. तो मापांचा फॉर्म भरायचं काम मात्र लेकीकडेच आलं. कारखान्यातल्या बाईशी इंग्रजीत बोलायचं होतं ना. बाबा खोलीत येरझारा घालत सांगत होते आणि लेक टाइप करत होती.

"उंची?"

"पाच आठ."

लेकीची बोटं थांबली. बाबा लग्नाच्या आधीपासून पाच फूट आठ इंच होते. ही उंची त्यांच्या लायसन्सवर होती, ऑफिसच्या ओळखपत्रावर होती, लग्न ठरवताना आईकडे गेलेल्या पत्रिकेबरोबरच्या माहितीतही होती. फक्त अंगात नव्हती. अंगात पाच पाचच भरत होती. लेकीच्या दर वाढदिवसाला स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीची पेन्सिलीने रेघ मारायची पद्धत होती. तीन वर्षांपूर्वी ती रेघ बाबांच्या भुवईपर्यंत पोचली आणि बाबांना अचानक चौकटीच्या रंगाची काळजी वाटू लागली. पद्धत बंद झाली. तेव्हापासून फोटो काढताना एक वाक्य ठरलेलं असायचं, "तू जरा मागे हो गं. अजून मागे."

"बाबा, एकदा मोजू या का? भिंतीला टाच लावून?"

"मी सांगतोय ना? लिही."

तिने लिहिलं.

"आता पायाची आतली लांबी विचारतायत. जांघेपासून टाचेपर्यंत."

"ते कोण मोजत बसणार! उंचीला शोभेल असं काहीतरी टाक."

लेक मिनिटभर आत जाऊन आली आणि तिने आकडा टाकला.

कारखान्यातली बाई चिवट होती. मापं नक्की बरोबर आहेत ना, नंतर बदलता येणार नाहीत, असं तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बाबांनी छाती पुढे काढून "कन्फर्म!" म्हणायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तर त्यांनी वरच्या दांडीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत आडनावही छापून मागितलं.

आता ते आडनाव त्यांच्या दोन पायांमध्ये होतं आणि त्यानेच त्यांना चवड्यांवर उभं केलं होतं.

"फसवलं!" बाबांनी ओरडायचा प्रयत्न केला. "भलत्याच माणसाची फ्रेम पाठवलीय! आत्ताच्या आत्ता लिही त्या बाईला."

मिस्त्रींनी फॉर्मचा कागद मागून घेतला. टेपने फ्रेम मोजली. मग बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"फ्रेम कागदाबरहुकूम आहे, साहेब. केसाचाही फरक नाही. तुम्हीच जरा कमी आलाय."

खोकला पुन्हा सुरू झाला.

बाबा उतरले. उतरतानाही फुटपाथ लागलाच. "मग आता ही चालवायची कोणी?"

लेक पुढे झाली. तिने मिस्त्रींना सीट कागदावरच्या मापाला न्यायला लावली आणि टांग टाकली. दांडीच्या दोन्ही बाजूंना तिची पावलं जमिनीवर सपाट टेकली. मग ती भिंतीला धरून सीटवर बसली. पेडल खाली गेलं तेव्हा गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहिला. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि पाना खिशात टाकला. दांडीवरचं आडनावसुद्धा खपून जात होतं.

बाबा फॉर्मचा कागद उलटसुलट करत होते. दांडी सुटली होती, तरी आवाज बारीकच होता.

"पायाचं माप कोणाचं टाकलंस गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, उंचीला शोभेल असं टाक," लेक हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली. "मग पाच फूट आठ इंचांचं आपल्या घरात जे एकच माणूस आहे, त्याचं टाकलं."