आईची कोपी

डेन्मार्कातल्या दहा दिवसांच्या डिझाईन कार्यशाळेत फर्मान निघालं, तासाभरात उभं राहील असं घर बनवा. बाकीची पोरं कॉम्प्युटर उघडेस्तोवर पाथर्डीच्या शीतलनं काठ्या अन् गवताची, ऊसतोडीला गेल्यावर आई बांधते तशी कोपी उभी केलीसुद्धा. प्रोफेसर आत जाऊन बसले, ते जेवायलाही बाहेर येईनात. शीतलला मात्र धास्ती, नक्कल कळली तर घरी पाठवतील. शेवटी तिनं सांगूनच टाकलं, "डिझाईन माझं नाही, आईचं आहे."

प्रोफेसरांनी प्रमाणपत्रावर तिच्या नावाच्या वर तिच्या आईचं, राहीबाईचं नाव लिहिलं. शीतलचा जीव भांड्यात पडला. तिनं लगेच फोन लावला.

सगळं ऐकून राहीबाई हळूच म्हणाली, "कोपी पावसात गळती, हे न्हाई ना सांगितलंस?"

"न्हाई."

"मग बेस केलंस."