शेवटपर्यंत जगणारी आजी

व्हिटबी गावातल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या लोर्नाची देखभाल बीआट्रिस करायची. तरुणपणी लोर्नाने अमेरिकन सिनेमात आणि टीव्हीवर खूप कामं केली होती. पण नायकाला सूड घेता यावा म्हणून प्रत्येक कथेत ती सुरुवातीलाच मरायची. आज एक दिग्दर्शक नव्या मालिकेतल्या आजीची भूमिका घेऊन आला.

"आजी कधी मरते?" लोर्नाने विचारलं.

"पहिल्याच भागात."

"मग नको."

बीआट्रिस मध्येच म्हणाली, "मॅडम, इतक्या वर्षांनी काम चालून आलंय."

"मरायची कामं पुष्कळ केली गं."

दिग्दर्शक म्हणाला, "बरं, आजीला शेवटपर्यंत जगवू. पण शूटिंग वर्षभर चालेल. झेपेल तुम्हाला?"

लोर्ना हसली. "आयुष्यभर मरून मरून माझी भरपूर विश्रांती झालीय."