दोरीच्या अलीकडे

“मावशी, मागं सरका. पुढं जायला बंदी आहे.”

हवालदार सावळारामने काठी आडवी धरली. बाई थांबली, पण मागे सरकली नाही. साठीची असावी. पायात चप्पल नव्हती, नऊवारीचा काष्टा चिखलाने भरला होता. धावत आली होती हे उघड होतं.

“माजा पोर हाय तिकडं,” ती म्हणाली.

सावळारामने वळून पाहिलं. राहनाळच्या रस्त्यापासून बऱ्याच आत, खाडीकाठच्या दलदलीच्या खाजणातल्या मोकळ्या जागेत टँकर एका अंगाला कलून उभा होता. केबिनचं दार उघडं, आत कुणी नाही. टाकीखालून टोल्युइन गळत होतं. रंगाच्या कारखान्यात लागणारं, पाण्यासारखं दिसणारं, पण जास्त वेळ नाकात गेलं तर माणूस गुंगून पडावा असं. वाफ जमिनीलगत सरकते, कुठे ठिणगी भेटली की आग तीच वाट धरून उलटी येते, असं फायर ब्रिगेडचे सुधीर साहेब आल्याआल्या सांगून गेले होते. आता ते मास्क चढवून टँकरकडे निघाले होते.

फायर ब्रिगेडचे हे नवे साहेब इथल्याच कुठल्या तरी गावचे, असं सावळारामने चौकीत ऐकलं होतं. त्याची काठी आपोआप खाली आली.

“मग इथं बसा, मावशी. धन्य आहे तुमची.”

बाई बसली नाही. पदराने तोंड पुसून बघत राहिली.

सावळारामची छाती तेव्हा फुगलेली होती, आणि का फुगू नये? आजवर भिवंडीत आग लागली की लोक बघायला धावायचे. आज साहेबांनी शब्द टाकला आणि एकेका गल्लीतली वीज बंद झाली. दिवसरात्र खडखडणारे लूम गप्प झाले. चुलींवर पाणी पडलं. विड्या विझल्या. वारा खाडीकडून येत होता, म्हणून अख्खी वस्ती वाऱ्याच्या वाटेतून बाजूला, शाळेच्या मैदानावर हलवली. दोरी बांधायचं काम सावळारामकडे आलं, आणि त्याने ती अशी बांधली की कुत्रंसुद्धा पलीकडे गेलं नाही.

“ड्रायवर कहाँ है?” गर्दीतला एक लूमवाला ओरडला.

“भाग गया साला! टँकर फेक के भाग गया!”

“भरधाव आला असणार,” गोदामवाले रामनाथशेठ म्हणाले. त्यांची दोन गोदामं इथून हाकेच्या अंतरावर होती. “वळणावर ताबा सुटला आणि घुसला खाजणात. हवालदार, सापडला की आधी आमच्या ताब्यात द्या त्याला. पाय मोडून मग चौकीत आणतो.”

“सापडू तर द्या, शेठ. बेड्या मीच घालणार,” सावळाराम म्हणाला. मग हळूच बाईकडे बोट दाखवलं. “या मावशींचा मुलगा आत आहे.”

शेठचा चेहराच बदलला. त्यांनी माणूस पिटाळून गोदामातून खुर्ची आणवली, पाण्याचा तांब्या आणवला.

“बसा, आई. असा मुलगा पोटी यायला पुण्याई लागते. नाहीतर तो ड्रायव्हर बघा. हरामखोर, शेपूट घालून पळाला!”

बाईने तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायली नाही.

“उगाच कुनाला शिव्या देऊ नका, शेठ,” ती म्हणाली. “दुपारचा जेवाया येनार व्हता माजा पोर.”

किती मोठं मन, असं सावळारामला वाटलं. आपल्या लेकराचा जीव टांगणीला लागलेला असताना ही बाई परक्यासाठी बोलते. त्याला त्या मातीचा, त्या बाईचा, अगदी स्वतःच्या खाकीचाही अभिमान वाटला.

टँकरभोवती फेसाचे ढीग चढत होते. मोकळ्या जागेत वाळूचा बांध पडला, ओहोळाचं तोंड बंद झालं. लोखंडाची ठिणगी उडू नये म्हणून लाकडी हातोडे चालत होते. साहेब एकदा बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता, नुसता ओला टॉवेल. डोळे लालबुंद. स्वतःचा मास्क आतल्या कुणा जवानाला देऊन आले असावेत. लाकडी पाचर घेऊन ते पुन्हा आत गेले.

“शाब्बास रे वाघा!” शेठ पुटपुटले.

बाईने डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते.

आणि मग हातोड्यांचा आवाज थांबला. कुणीतरी हात वर केला. गळती बंद! दोरीमागे टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. लूमवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. चार जवान एक स्ट्रेचर घेऊन येताना दिसले, आणि त्यांच्या पुढे साहेब, चालत, धडधाकट.

सावळारामने स्वतः दोरी वर उचलली. “जा, मावशी.”

बाई धावली. साहेबांच्या अंगावरून, त्यांच्याकडे न बघता, थेट स्ट्रेचरकडे.

“पंढरी!”

स्ट्रेचरवरच्या मास्कमागून खोकल्याची उबळ आली. बाई तिथेच खाली बसली आणि त्याच्या कपाळावर हात फिरवू लागली.

सावळारामने गोंधळून सलाम ठोकला. “साहेब, तुमच्या आई…”

“माझी आई साताऱ्याला असते, हवालदार.”

“मग तो जवान कोण?”

“जवान नाही.” साहेबांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. “वस्तीच्या वळणावर मागून ट्रकने ठोकर दिली आणि व्हॉल्व्ह फुटला. त्याने गाडी वस्तीतून काढून इथे मोकळ्यावर आणली, इंजिन बंद केलं आणि टाकीखाली शिरला. आम्ही येईपर्यंत भोक अंगातला शर्ट कोंबून दाबून धरलं होतं. त्याच्या हातांची पकड सोडवायला मला आणि आणखी एकाला जोर लावावा लागला.”

“कोण आहे कोण तो, साहेब?”

“ड्रायव्हर.”