साहेबांचं लिटल

ग्रॅहमसाहेबांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "अ लिटल! जस्ट अ लिटल!"

"काय म्हणत्यात पावणं?" हातावरची पुरणपोळी सावरत अंजनानं विचारलं.

"मामी, थोडंसंच म्हणतायत," अरिहंत म्हणाला. शाहूपुरीतल्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात तो पहिला आला होता. नुसतं 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच आणि 'अ लिटल' म्हणजे थोडं, पण आहे, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं.

"ऐकलं की." साहेबांच्या बोटांच्या फटीतून अंजनानं तिसरी पोळी आत सरकवली आणि वर तुपाची वाटी उपडी केली. "पावणं थोडंच म्हणणार. भरपूर वाढा म्हणालं असतं तर मला घोर लागला असता."

कसबा बावड्यात हे असंच चालतं. थोडं म्हणणं ही पाहुण्याची रीत, ते न ऐकणं ही घराची. ग्रॅहमसाहेब बर्मिंगहॅमचे. तिकडं थोडं म्हणजे थोडं असतं.

अरिहंतचे मामा दादासो समोर बसून कौतुकानं बघत होते. दिवाळीपासून त्यांच्या फौंड्रीची भट्टी थंड होती. पंपाच्या कास्टिंगची ऑर्डर ताटाशेजारीच होती, फक्त सही राहिली होती. आधीच्या कारखानदारानं माल उशिरा दिला, म्हणून तर साहेब कोल्हापूरपर्यंत आले होते.

साहेबांनी चमचा ठेवून पेन काढलं. जेवणातून सुटायचा तोच एक मार्ग दिसत होता. टोपण काढता काढता त्यांनी काहीतरी विचारलं.

"मामा, माल द्यायला उशीर होईल का म्हणतायत."

भट्टी तापायला वेळ लागणार होता आणि खोटं बोलायची दादासोंना सवय नव्हती. "थांब, मीच सांगतो." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. भाच्यानं आठवडाभर घोकून घेतलेलं इंग्रजी आज कामाला येत होतं. "अ लिटल!"

पेन थांबलं. साहेबांनी ताटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बारीक आवाजात एक प्रश्न विचारला.

अरिहंत मामांकडं वळला. "मामा, ते विचारतायत, कुणाचं लिटल? त्यांचं का मामींचं?"

"त्यांचं! त्यांचंच!" दादासो गरजले. "लई तर दोन दिस. सांग त्यास्नी, दादासोचा शब्द म्हंजे बिडाचं कास्टिंग हाय."

अरिहंतनं सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. एका हातानं त्यांनी कागद धरला, दुसऱ्यानं पेन टेकवलं. नावाचं पहिलं अक्षर उमटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अंजना आली. ताटावर आता एकही हात नव्हता.

"घ्या की पावणं, अ लिटलच हाय," म्हणत तिनं दोन पोळ्या एकदम वाढल्या.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.