आमचं माणूस

खाण कंपनीने विनिताला डिचोलीजवळच्या एका गावात दोन महिने राहायला पाठवलं. मानववंशशास्त्र शिकलेल्या विनिताची ही पहिलीच नोकरी. गावाचा खाणीला विरोध का, ते तिने अहवालात मनापासून लिहिलं. खाणीच्या गाळाने शेतं बुजतात, आणि गाव देवकीकाकीच्या शब्दाबाहेर जात नाही.

आठवड्याभरात कंपनीने देवकीकाकीवरच दावा ठोकला.

"गाळ काढायचा सोडून म्हातारीला कोर्टात खेचता?" विनिता साहेबांवर ओरडली.

"कुणाला खेचायचं, ते तुझ्याच अहवालात होतं."

राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटून ती तडक गावात गेली. काकी दारातच उभी होती.

"आलंस गो बाय? ही नोटीस इंग्रजीत आसा, वाचून सांग. त्या कंपनीत आमचं म्हणून माणूस तूच एक."