उडी

“उचला! उचला!” मनीषनगरचे मैदान ओरडत होते आणि व्यासपीठावर पंचाहत्तर वर्षांचे गणपतराव हेमराज परातेच्या कमरेत हात घालून उभे होते. मोबाइल वर झाले होते. निवेदकाने नुकतेच सांगितले होते की ‘विदर्भाचा वाघ’ आयुष्यात एकदाही हरला नाही, आणि ज्याला त्याने सर्वाधिक वेळा डोक्यावरून फेकले तो ‘काला तूफान’, म्हणजे हाच हेमराज, आज अमृतमहोत्सवाला, वाघाच्या चरणी फुले वाहायला, स्वतःहून आला आहे. स्वतःहून आला, हे खरे नव्हते. पण त्या संध्याकाळी व्यासपीठावर खरे असे फारसे काही मांडलेले नव्हते.

हेमराज कोणत्या कंपनीचा नव्हता, कोणत्या आखाड्याचाही नव्हता. तिकिटावर चालणाऱ्या फ्रीस्टाइलच्या खेळांना जो बोलावील त्याच्याकडे जायचे, काळी चड्डी चढवायची, लोकांच्या शिव्या खायच्या आणि ठरल्या वेळी हरायचे, हा त्याचा पेशा. त्यात एक कसब होते, आणि ते लपवणे हा कसबाचाच भाग होता. धडधाकट पैलवानाला कोणी अल्लद डोक्यावर उचलत नसतो. उचलणारा त्याचा हात दोनदा दाबतो: तयार? उचलला जाणारा एकदा दाबून होकार देतो आणि स्वतःच उडी मारतो. उडतो एक, छायाचित्र दुसऱ्याचे छापले जाते. हेमराजच्या पायांत ही उडी लहानपणी घरच्या हातमागाच्या पावड्या दाबून आली होती. गणपतरावांची ताकद म्हणून लोकांनी जी पाहिली, ती इतकी वर्षे एका विणकराच्या गुडघ्यांत मुक्कामाला होती.

उमरेडच्या शेवटच्या खेळात तो उडाला आणि गणपतरावांची पकड सुटली. तो मानेवर पडला. पंचाने आकडे मोजले, लोकांनी शिट्ट्या मारल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने ‘निर्णायक विजय’ असा मथळा दिला. तेव्हापासून हेमराजच्या उजव्या हाताची बोटे बधिर होती. मानेला पुन्हा हिसका बसला तर हातच जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

हे सारे ठाऊक असलेली त्याची मुलगी, दामिनी, व्यासपीठाखाली उभी होती. गणपतरावांच्या घरच्या संस्थेच्या शाळेत ती सहा वर्षे कंत्राटावर गणित शिकवत होती. मघाशी पडद्यामागे गणपतरावांचा मुलगा वैभव तिच्यादेखत हेमराजला म्हणाला होता, “काका, पुढच्या महिन्यात दामिनीले परमनंट करून राहिलो आपण. लोकं उचला म्हणतीन. तुम्ही फक्त उडा. बाबांची शेवटची हौस आहे न!” मग तिच्याकडे वळून तो हसला होता. “काय वं दामिनी, एका मिनिटाचं तं काम आहे!”

दामिनीने त्याच्याकडे पाहिलेही नव्हते. “बाबा, उडू नका,” ती म्हणाली होती. “नोकरी माही आहे. मान तुमची आहे.”

आता गणपतरावांनी हेमराजचा उजवा हात धरला आणि दोनदा दाबला. तो दाब हेमराजला जाणवला नाही. दिसला. जी बोटे या माणसाने निर्जीव केली, त्याच बोटांकडे तो होकार मागत होता. आणि इतक्या वर्षांत त्याला हे कळलेही नव्हते.

हेमराज उभा राहिला. नुसता.

गणपतरावांनी जोर लावला. शिरा ताठ झाल्या, फेटा कलला. हेमराजच्या टाचा फळ्यांवरून हलल्या नाहीत. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. ओरडा विरळ झाला. वैभवने दामिनीकडे पाहिले, आणि पुढच्या महिन्यात काय होणार नाही ते त्या पाहण्यात स्पष्ट होते.

“काहून गा हेमराज?” गणपतराव त्याच्या कानाशी धापा टाकत म्हणाले. “उड न! इज्जत जाऊन राहिली माही!”

एवढ्यावर हेमराज खाली उतरला असता तरी हिशेब पुरा झाला असता. त्याने डाव्या हातात गणपतरावांचा पंजा घेतला आणि दोनदा दाबला.

“पैलवान,” तो म्हणाला, “आज तुम्ही उडा.”

 पंजा त्याच्या हातात गोंधळून पडून राहिला. हेमराज वाकला. डावा खांदा त्याने त्यांच्या पोटाखाली घातला, बधिर उजव्या हाताचा आकडा करून त्यांच्या मांड्या वेढल्या आणि पावडी दाबावी तसे दोन्ही पाय फळ्यांवर रोवले. म्हातारपणाने वाळलेले असले तरी सैल सोडलेले ते अंग पोत्यासारखे जड होते. मानेतून कळ निघाली ती डोळ्यांपर्यंत गेली. गुडघे अर्ध्यावर आले. थांबले. मग सरळ झाले.

मैदान टाळ्यांनी दणाणले. निवेदकाला गेलेले शब्द परत सापडले. “पाहा! हरलेल्याने जिंकलेल्याला खांद्यावर घेतले! याला म्हणतात निष्ठा!” वैभवही टाळ्या पिटू लागला, चित्रफीत मनासारखी मिळाली होती.

दामिनी टाळ्या वाजवत नव्हती. ती गणपतरावांचे पाय पाहत होती. वर जाताना त्यांचे गुडघे वाकलेच नव्हते. त्यांनी उडी मारली नव्हती. आयुष्यभर ती त्यांना शिकावीच लागली नव्हती. या मैदानांवर घडल्याचे जे इतकी वर्षे छापून येत होते, ते आज पहिल्यांदा घडले होते: एका माणसाने दुसऱ्याला निव्वळ ताकदीने उचलले होते.