आठवा नट

रॉकेलच्या ताटलीत नट सातच होते. काढले होते आठ.

दिगंबर मिस्त्रींनी ते पुन्हा मोजले. बाबांच्या जुन्या फियाटला मी हौसेने मोठा कार्ब्युरेटर आणि त्याला इंजिनाशी जोडणारा नवा मॅनिफोल्ड बसवून घेत होते; गाडीचा जोर वाढणार होता, आवाजही भारदस्त होणार होता. जुना काढल्यावर इंजिनाची उघडी तोंडं फडक्याने बुजवायची असतात. पण मध्ये चहा आला आणि ते राहून गेलं.

"आत पडला असेल आणि आपण गाडी चालू केली, तर इंजिन गेलंच समजा," मिस्त्री म्हणाले.

हे इंजिन बाबांनी दोनदा स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. आम्ही गाडीखाली शोधलं, चुंबकाची तार आत फिरवून पाहिली. शेवटी मिस्त्रींनी इंजिन खोलायला पाना उचलला.

"थांबा," स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले. त्यांनी मूठ उघडली. नट घामाने ओला झाला होता.

"बाबा, अहो, का?"

"दिसेनासं झाल्यापासून तुझी आई कोपऱ्यावर या गाडीचा आवाज ऐकूनच कडी काढते," ते खाली बघत म्हणाले. "दुसऱ्या आवाजाला ती दार उघडायची नाही."